लाकडी ठोकळे: सुताराच्या मापापासून पहिल्या पुलापर्यंत

ठोकळ्यांचं खरं मर्म रंगात नसून मापात असतं. न्यूयॉर्कच्या शिक्षिका कॅरोलिन प्रॅट यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ठरवलेलं प्रमाण आजही बालवाड्यांमध्ये चालतं: जाडी 1, रुंदी 2, लांबी 4. म्हणजे 35 × 70 × 140 मि.मी. दोन अर्धे मिळून एक पूर्ण, दोन पूर्ण मिळून एक दुप्पट. अपूर्णांक हा शब्द कानावर पडण्याच्या कितीतरी आधी तो असा हाताला कळतो.

घरच्या संचाला 24 पूर्ण, 16 अर्धे (70 मि.मी.) आणि 8 दुप्पट (280 मि.मी.) पुरे होतात. त्यासाठी 70 × 35 मि.मी.ची रंधा मारलेली साधारण 7 मीटर पट्टी लागते. सुताराला एक गोष्ट बजावून सांगा: पूर्ण ठोकळा मधोमध कापून अर्धे करायचे नाहीत. करवतीचं पातं 2-3 मि.मी. लाकूड खातं, त्यामुळे दोन अर्धे जोडले तरी पूर्ण भरत नाही आणि वरची फळी डगमगते. मूल बिचारं स्वतःलाच चुकलं समजतं. प्रत्येक तुकडा वेगळा मोजूनच कापायला हवा.

कडा पॉलिश पेपरने जेमतेम मोडा. जास्त गोल केल्या तर टेकायला जागा कमी उरते. वॉर्निश नको. चकचकीत थरावर ठोकळे घसरतात आणि लहान मुलं ते चावतातही. तीन वर्षांखालच्या मुलाला तोंडात पूर्ण मावेल असा तुकडा देऊ नका.

खेळायला बसवायचं ते फरशीवर किंवा पातळ चटईवर. गादीवर किंवा फोमच्या मॅटवर मनोरा कलतो, कारण तळच दबतो.

साधारण दीड वर्षाचं मूल लहान ठोकळ्यांचा तीन-चारांचा मनोरा रचतं, दोन वर्षांचं सहा-सातांचा. या वयात अर्धेच द्या, आठ-दहा पुरेत. दुप्पट ठोकळा पायावर पडला तर चांगलाच लागतो. रचण्यापेक्षा पाडण्यातच रस दिसला तरी रोखू नका. ठोकळा अलगद सोडणं बोटांना पकडण्यापेक्षा अवघड जातं, ते याच काळात जमू लागतं.

तिसऱ्या वर्षाच्या आसपास पूल येतो: दोन ठोकळे उभे, वर एक आडवा. इथे बरीच मुलं अडतात. खांबांतलं अंतर फळीपेक्षा जास्त होतं, किंवा एक खांब उंच राहतो. फळी मधूनच खाली पडते, मूल तीच फळी पुन्हा ठेवतं. लगेच खांब सरकवून देऊ नका. दोन-तीनदा पडू द्या, मग एवढंच विचारा, ‘फळी कुठपर्यंत पोचतेय?’ तरीही जमलं नाही तर शेजारी स्वतःचा पूल बांधा, त्याच्या पुलाला हात न लावता. अंतर आणि लांबी एकमेकांशी ताडून पाहणं हेच तर इथलं शिकणं, आणि तुम्ही खांब सरकवलात की ते तुमच्याच हातात राहतं.

त्यानंतर कुंपणं येतात, मग गोठा, स्टेशन, शेजारच्या काकूंची बिल्डिंग. ‘छान!’ म्हणण्यापेक्षा दिसतं ते बोला: ‘गाय आत आहे, दार कुठे?’ आत, बाहेर, खाली, मधे, पलीकडे हे शब्द इथे नेमक्या जागेवर सापडतात.

आवरताना ठोकळे पिशवीत कोंबू नका. ठोकळे ठेवायच्या फळीवर प्रत्येक मापाची आकृती खडूने काढून ठेवा. मूल तीवर ठोकळा ठेवून जुळवतं. अर्धवट बांधलेलं गाव मात्र रात्रभर तसंच राहू द्या, फक्त येण्याजाण्याच्या वाटेत नको.