मांगाकाराचे प्रसिद्धीचित्र आणि ॲनिमेचे चित्र यांतील फरक कसा ओळखावा

एखादा ॲनिमे (जपानी ॲनिमेशन) चित्रपट येणार असला की त्यातील पात्रांची चित्रे सगळीकडे फिरू लागतात, आणि त्यांतले कोणते चित्र मूळ मांगाकाराने, म्हणजे मूळ जपानी चित्रकथा (मांगा) काढणाऱ्याने, स्वतः काढले व कोणते ॲनिमेशन स्टुडिओतील चित्रकारांनी काढले, हे न तपासताच सरसकट सगळ्यांखाली मांगाकाराचे नाव घातले जाते. यात दोघांवरही अन्याय होतो. ज्या चित्राला मांगाकाराचा हात लागलेला नाही ते त्याच्या खात्यावर जमा होते, आणि ज्यांनी ते खरोखर काढले त्या पात्ररचनाकाराचे, चित्रांकन दिग्दर्शकाचे, पार्श्वभूमी रंगवणाऱ्याचे नाव कायमचे पुसले जाते. थोडी सवय झाली तर हा फरक बहुतेक वेळा ओळखता येतो.

चित्राकडे पाहण्याआधी चित्राची कड पाहावी. जपानी प्रकाशनांत अधिकृत चित्राच्या तळाशी किंवा कडेला बहुधा बारीक अक्षरांत हक्कांची ओळ असते आणि ती फार शिस्तीने लिहिलेली असते. ‘ड्रॅगन बॉल’च्या मांगामधील चित्राखाली मांगाकार अकिरा तोरियामा यांचा बर्ड स्टुडिओ आणि शूएइशा ही प्रकाशनसंस्था एवढीच दोन नावे येतात, तर ॲनिमेच्या चित्राखाली त्यांच्यापुढे तोएइ ॲनिमेशन या स्टुडिओचे नाव जोडलेले असते. ‘डेमन स्लेयर’च्या ॲनिमेला आनिप्लेक्स ही निर्मितीसंस्था आणि युफोटेबल हा स्टुडिओ ही नावे लागतात. २०२२ सालच्या ‘वन पीस फिल्म रेड’च्या ओळीत मूळ मांगाकार एइइचिरो ओदा यांच्या नावानंतर वर्ष आणि ‘सेइसाकु इइनकाइ’ असे शब्द आहेत, म्हणजे त्या चित्रपटापुरती स्थापन झालेली निर्मिती समिती. जपानी लिपी येत नसली तरी फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून ही ओळ सहज वाचता येते. मात्र या पुराव्याचे वजन दोन्ही बाजूंना सारखे नाही, हे ध्यानात ठेवावे. ओळीत केवळ लेखक आणि प्रकाशक असतील तर चित्र मांगाच्या बाजूचे आहे असे धरून चालता येते, पण समितीचे किंवा स्टुडिओचे नाव दिसले म्हणून ते ॲनिमेवाल्यांनीच काढले असे ठरत नाही, कारण मांगाकाराने खास चित्रपटासाठी काढून दिलेल्या चित्राखालीही चित्रपटाची ओळ येऊ शकते.

हक्कांच्या ओळीनंतर श्रेयनामावली पाहावी. ‘आनिमेज’ (१९७८ पासून) आणि ‘न्यूटाइप’ (१९८५ पासून) ही मासिके ॲनिमेची आहेत, आणि त्यांतील नव्याने काढलेली चित्रे सामान्यतः त्या त्या मालिकेच्या चमूकडून येतात. अशा चित्राशेजारी ‘गेंगा’, ‘शिआगे’, ‘हाइकेइ’ अशी शीर्षके आणि त्यांपुढे वेगवेगळी नावे असतात. रेखांकन एकाचे, रंगभरणी दुसऱ्याची, पार्श्वभूमी तिसऱ्याची, अशी विभागणी दिसली की ते स्टुडिओतील काम आहे. याउलट ‘काकिओरोशी’ म्हणजे ‘खास या प्रसंगासाठी नव्याने काढलेले’ या शब्दाबरोबर एकट्या मूळ लेखकाचे नाव असेल तर ते मांगाकाराचे चित्र होय.

येथे ‘गेंगा’ या शब्दाविषयी सावध करणे भाग आहे, कारण चुका होतात त्या नेमक्या याच शब्दाने. मांगाच्या जगात गेंगा म्हणजे मांगाकाराने स्वहस्ते काढलेले मूळ चित्र, म्हणून गेंगा-प्रदर्शन म्हटले की भिंतीवर त्याचीच मूळ पाने असतात. ॲनिमेच्या जगात मात्र गेंगा म्हणजे हालचालीतील मुख्य टप्प्यांची रेखाटने, जी ॲनिमेटर काढतो. त्यांवर कोपऱ्यात क्रमांक असतो, कागद खिळ्यांवर बसवण्यासाठी काठाला भोके पाडलेली असतात, आणि सावली कोठे संपते ते रंगीत पेन्सिलीच्या रेघेने दाखवलेले असते. विक्रेता ‘ओरिजिनल गेंगा’ म्हणाला तर कोणत्या अर्थाने, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत. ‘फुकुसेइ गेंगा’ असे लिहिले असेल तर ती मूळ चित्राची छापील प्रतिकृती असते.

आता मुख्य मुद्दा रेघेचा. जुने मांगाकार टाकाने काढत आणि आजही अनेक जण काढतात. आपल्याकडे दौतीत बुडवून लिहायचा जो टाक होता, त्याच जातीचे धातूचे निब तेथे ‘जी-पेन’ म्हणून ओळखले जाते. त्यावर दाब दिला की त्याची दोन टोके फाकतात आणि रेघ जाड होते, दाब काढला की ती केसासारखी बारीक होत विरते. त्यामुळे मांगाकाराची रेघ हे त्याचे हस्ताक्षरच असते. संगणकावर काढणारेही असाच दाब ओळखणारे पेन वापरतात. ॲनिमेची गरज वेगळी आहे. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी जातात, एकेक रेखाटन बहुधा दोन किंवा तीन चौकटींपर्यंत टिकवले जाते, आणि एका भागाची हजारो रेखाटने कित्येक हातांतून जातात. म्हणून पात्ररचनाकार आधी मूळ पात्रांचे नमुनापत्रक तयार करतो, त्यात मांगाकाराच्या लहरी रेघेतून प्रत्येकाला गिरवता येईल अशी रेघ निवडून काढतो, आणि बाकीचे चित्रकार ते पत्रक गिरवतात. प्रसिद्धीचे चित्र स्थिर असले, त्यावर अधिक वेळ दिलेला असला, तरी ते याच पत्रकाला धरून असते, त्यामुळे गिरवलेल्या रेघेचा समतोल त्यात उतरतोच.

हे पाहण्यासाठी चित्र मोठे करून तीन जागा तपासाव्यात: केसांच्या बटेचे टोक, वरच्या पापणीची रेघ आणि कोपरातील कापडाची चुणी. मांगाकाराच्या चित्रात बटेची रेघ मुळाशी जाड असते आणि टोकाला हवेत सोडून दिलेली असते, चुणीच्या रेघा एकमेकींना न भेटता मध्येच थांबतात. ॲनिमेच्या चित्रात रेघा एकमेकींना जुळून बंद झालेल्या असतात, कारण रंग भरायचा भाग बंदिस्त असावा लागतो. तरीही केवळ जाड-बारीक रेघेवर निर्णय देऊ नये. ‘डेमन स्लेयर’च्या ॲनिमेत पात्रांची बाह्यरेषा मुद्दाम ठसठशीत आणि कमीजास्त जाडीची ठेवलेली आहे, आणि केवळ जाडी पाहणारा तेथे हमखास फसतो. मूळ मांगाकार कोयोहारू गोतोगे यांची स्वतःची रेघ त्याहून ओबडधोबड, जरा थरथरती आहे, आणि ती थरथर ॲनिमेच्या नीटस रेघेत उतरलेली नाही.

त्यानंतर रंग. ॲनिमेत प्रत्येक पात्राच्या केसांचा, त्वचेचा, कपड्यांचा रंग आधी ठरवून दिलेला असतो, आणि बहुधा मूळ रंग, त्याची सावली व चमक अशा दोन-तीन पायऱ्यांतच तो भरला जातो, तोही सुरीने कापल्यासारख्या कडेने. ही सवय सेलच्या, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या पातळ पत्र्यावर चित्रे रंगवण्याच्या, काळातली आहे. तेव्हा या पत्र्याच्या पुढच्या बाजूला रेघ असे आणि मागच्या बाजूने सपाट, अपारदर्शक रंग भरला जाई. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून स्टुडिओ संगणकाकडे वळले, ‘साझाए-सान’ ही मालिका मात्र २०१३ पर्यंत सेलवर टिकून होती. मांगाकार रंगीत शाई, जलरंग, मार्कर किंवा संगणक काहीही वापरतो, आणि एका चित्रातला रंग दुसऱ्या चित्रात तसाच ठेवण्याचे बंधन त्याच्यावर नसते. नाओको ताकेउची यांनी ‘सेलर मून’च्या नायिकेचे केस कधी सोनेरी तर कधी रुपेरी रंगवले आहेत.

मागे एका प्रदर्शनातील दुकानातून मी ‘ड्रॅगन बॉल’मधील बुल्मा या पात्राचे एक छापील चित्र घेतले होते. ते तोरियामांच्या हातचे आहे असे विक्रेत्याने ठामपणे सांगितले होते. घरी आल्यावर दिव्याखाली धरले तेव्हा पहिली शंका केसांवरून आली. तोरियामांच्या सुरुवातीच्या रंगीत पानांत बुल्माचे केस जांभळट आहेत, ॲनिमेत ते निळसर-हिरवे झाले, आणि माझ्या हातातले केस निळसर-हिरवे होते. मग मानेखालची सावली पाहिली तर ती एकाच छटेची, सरळ कडेची होती. शेवटी उजव्या कोपऱ्यात, चौकटीच्या पट्टीखाली अर्धवट झाकलेली ओळ सापडली आणि तिच्यात तोएइ ॲनिमेशनचे नाव होते. चित्र सुंदरच आहे आणि ते आजही माझ्या भिंतीवर आहे, फक्त त्याखालची चिठ्ठी मी बदलली.

पार्श्वभूमीनेही बरेच कळते. ॲनिमेत पात्र एका विभागात आणि आकाश, झाडे, घरे दुसऱ्या विभागात तयार होतात, म्हणून रेघेत बांधलेले पात्र बिनरेघेच्या रंगवलेल्या दृश्यावर ठेवल्यासारखे दिसते. अलीकडे त्यावर प्रकाशाची तिरीप, धूसरपणा, उडणारे कण असे संस्कारही शेवटी केले जातात. मांगाकाराच्या चित्रात पात्र आणि परिसर एकाच रेघेचे असतात किंवा मागे कोरा कागद सोडलेला असतो. मांगाकारही एकटा नसतो, मागची घरे-इमारती पुष्कळदा त्याचे सहायक काढतात, पण चेहरा सहसा त्याचाच असतो.

केवळ चित्र कोठून आले यावर विसंबू नये. ॲनिमेच्या अधिकृत खात्यावरून मांगाकाराचे शुभेच्छाचित्र येते, आणि चित्रपटगृहात प्रेक्षकांना मिळणारी भेटही त्याच्या हातची असू शकते. ‘वन पीस’च्या २००९ च्या ‘स्ट्राँग वर्ल्ड’ या चित्रपटाच्या वेळी प्रेक्षकांना ओदांचा शून्य क्रमांकाचा खंड मिळाला होता, तो मांगाच होता.

काही ठिकाणी ही सीमारेषाच पुसट होते. ‘द फर्स्ट स्लॅम डंक’ हा २०२२ चा चित्रपट मूळ मांगाकार ताकेहिको इनोउए यांनी स्वतः लिहिला व दिग्दर्शित केला, आणि त्याच्या सुरुवातीला खेळाडू पेन्सिलीच्या रेघांतून उभे राहत चालत येतात. अशा चित्रांपुढे वरच्या खुणा अपुऱ्या पडतात आणि श्रेयनामावलीच प्रमाण मानावी लागते. तीही मिळाली नाही तर चित्राखाली मांगाकाराचे नाव न लिहिता ‘ॲनिमे प्रसिद्धीचित्र, मूळ मांगा अमुक यांची, चित्रकार अज्ञात’ असे लिहावे, आणि पुढे नाव सापडले की ते त्याच जागी भरावे.