स्किझोफ्रेनिया, साठीनंतरचा विसराळूपणा आणि गोळ्यांची पिशवी

मानसोपचार विभागात नव्याने रुजू झालेल्या निवासी डॉक्टरांकडे साठीपुढचे स्किझोफ्रेनियाचे रुग्ण येतात, तेव्हा नातेवाइकांची तक्रार बहुधा भासांची नसते. "आत्याला चहात साखर घातली की नाही हेही आठवत नाही," असे भाचा सांगतो आणि स्मरणशक्तीची गोळी मागतो. ती लिहून देण्याआधी घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी टेबलावर रिकामी करायला सांगावी, असे माझे नव्यांना आग्रहाचे सांगणे असते.

त्या पिशवीत हॅलोपेरिडॉल या भास-भ्रमांवरच्या औषधाच्या जोडीला 2 मिलिग्रॅमच्या पॅसिटेनची पट्टी हमखास सापडते. हॅलोपेरिडॉलमुळे कधीकाळी हात कापू लागले म्हणून सुरू झालेली ही गोळी, म्हणजे ट्रायहेक्सिफेनिडिल, प्रत्येक केसपेपरवर 'तेच चालू' या दोन शब्दांनी पुढे सरकत राहते. स्मरणासाठी लागणाऱ्या ॲसिटिलकोलिन या मेंदूतील रसायनाचेच काम ती रोखते. शिवाय बद्धकोष्ठता आणि लघवी तुंबणे हे त्रास उतारवयात अधिक. झोपेसाठी दिलेली ॲलर्जीची गोळी त्यात भर घालते. मात्र पॅसिटेन एकदम थांबवू नये: मळमळ, बेचैनी, कंप उसळतात. आधी हॅलोपेरिडॉलचा डोस वयाला साजेसा करता येतो का, हे वरिष्ठांशी बोलून ठरवावे आणि मग पॅसिटेन काही आठवड्यांत टप्प्याटप्प्याने उतरवावी.

या आजारात एकाग्रता आणि विचारांचा वेग तरुणपणीच घटलेला असतो आणि पुढे बऱ्याच जणांमध्ये तो फारसा ढासळत नाही. त्यामुळे काही महिन्यांत झालेली घसरण आजाराच्या खाती टाकू नये. बी-12, थायरॉइड, साखर, श्रवण, मोतीबिंदू तपासावेत. दोन दिवसांत संभ्रम आला असेल, तर लघवीची तपासणी आणि रक्तातील सोडियम आधी.

ज्या बाईंनी आयुष्यात पेन धरले नाही, त्यांना स्मरण-आकलनाच्या चाचणीत कागदावर घड्याळाचे चित्र काढायला लावून काय कळणार? शंभराच्या नोटेतून पस्तीसची भाजी घेतली तर किती परत, हे विचारावे. शाळा किती झाली, तेही नोंदवावे.

डोनेपेझिल या स्मृतिभ्रंशावरच्या गोळीने स्किझोफ्रेनियात विशेष फायदा दिसलेला नाही. खुद्द स्किझोफ्रेनियातल्या स्मरण-एकाग्रतेच्या त्रुटींसाठी तयार झालेले आयक्लेपर्टिन हे औषधही 2025 मध्ये तिसऱ्या टप्प्याच्या चाचण्यांत अपयशी ठरले. त्या मानाने बोधात्मक प्रशिक्षणाचा, म्हणजे स्मरण आणि एकाग्रतेच्या सरावाचा, पुरावा बरा आहे, पण ते रोजच्या कामाला जोडलेले हवे. चहाची कृती पायऱ्यांनी लिहून किंवा चित्रांनी दाखवून ओट्यावर चिकटवावी, आत्यांकडून ती भाच्यासमोर करून घ्यावी आणि कुठल्या पायरीवर त्या अडतात, ते पुढच्या भेटीत त्यालाच विचारावे.