नर्सिंगसाठी शिष्यवृत्ती: शोधण्यापासून करारावर सही करेपर्यंत

प्रवेशाचे दिवस आले की माझ्याकडे हमखास येणारा प्रश्न म्हणजे, "मॅडम, नर्सिंगला स्कॉलरशिप मिळते का हो?"

मिळते. फक्त शोधायला निघण्याआधी एक गोष्ट समजून घ्या. या क्षेत्रात पैसे देणाऱ्याला बहुतेक वेळा नुसता हुशार विद्यार्थी नको असतो, त्याला काही वर्षांनी वॉर्डात उभं राहणारं माणूस हवं असतं. ही रीत जुनी आहे. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या निधीतून प्रशिक्षण शाळा सुरू झाली, तेव्हा शिकणाऱ्या मुलींचं राहणं-जेवण आणि थोडं वेतन त्या निधीतून भागायचं. १९४३ मध्ये अमेरिकेनं युद्धकाळासाठी कॅडेट नर्स कोअर काढलं. त्यात फी, गणवेश आणि दरमहा भत्ता सरकारचा, आणि बदल्यात युद्ध संपेपर्यंत नर्सिंगची सेवा. आजही गरज तशीच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानुसार २०२३ मध्ये जगात सुमारे २ कोटी ९८ लाख नर्सेस होत्या आणि तरीही ५८ लाखांची कमतरता होती. म्हणून या शिक्षणासाठी पैसा बाहेर पडतो. तो कोण देतंय आणि का देतंय, हे प्रत्येक पायरीवर स्वतःला विचारत राहिलात, तर कुठे शोधायचं, अर्जात काय लिहायचं आणि सही करताना कुठे थांबायचं, हे आपोआप कळत जातं.

१. आधी खर्च मांडा, फीच्या पलीकडचासुद्धा

फीचा आकडा सगळ्यांना पाठ असतो. गाळात घालतो तो बाकीचा खर्च. गणवेशाचे दोन-तीन जोड, न घसरणारे बंद बूट, सेकंदकाट्याचं घड्याळ, क्लिनिकल पोस्टिंगला, म्हणजे रुग्णालयातल्या प्रत्यक्ष कामाला, जाण्या-येण्याचं भाडं, वैद्यकीय तपासणी, परीक्षा शुल्क आणि शेवटी नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी, म्हणजे नर्स म्हणून काम करायचा परवाना. लसीकरण तर विसरूच नका. हिपॅटायटिस बीचा नेहमीचा कोर्स तीन डोसांचा असतो: पहिला, महिन्यानं दुसरा आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. पोस्टिंगच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून तो पुरा होत नाही.

"शिकता शिकता काम करीन" हा हिशेब इतर कोर्सला जमून जातो, नर्सिंगला क्वचितच जमतो. युरोपीय संघाच्या नियमानुसार नर्सचं मूलभूत शिक्षण किमान ४,६०० तासांचं असतं आणि त्यातले निदान निम्मे तास प्रत्यक्ष रुग्णांजवळ काढायचे असतात. पाळ्या बदलत्या, त्यात रात्रपाळीही आली. म्हणून शिष्यवृत्ती फक्त फी भरणारी आहे की महिन्याला हातात काही देणारी आहे, हे आधी बघा. ज्यांच्या घरून पैसे येणार नाहीत, त्यांना कधीकधी फीमाफीपेक्षा लहानसा मासिक भत्ता जास्त तारतो.

२. कोर्सची मान्यता तपासा

जिथे प्रवेश घेताय ती संस्था त्या देशाच्या नर्सिंग नियामकाच्या यादीत आहे का, हे स्वतः बघा. भारतात इंडियन नर्सिंग कौन्सिल आणि राज्याची कौन्सिल, ब्रिटनमध्ये नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिल. मान्यता नसेल तर चांगल्या शिष्यवृत्तीचं दार बंद होतंच, शिवाय कोर्स संपल्यावर नोंदणी मिळत नाही. माहितीपत्रकावर छापलेल्या शिक्क्यावर विसंबू नका, नियामकाच्या चालू वर्षाच्या यादीत नाव सापडलं पाहिजे.

३. शोधायचं कुठे

सरकारी योजनांपासून सुरुवात करा, कारण रक्कम तिथेच मोठी असते. काही योजना सेवेची अट घालतात, काही घालत नाहीत. अमेरिकेची नर्स कोअर शिष्यवृत्ती फी आणि मासिक भत्ता देते. त्या बदल्यात नर्सेसचा तीव्र तुटवडा असलेल्या केंद्रात किमान दोन वर्षं काम करावं लागतं, आणि अर्जदार त्या देशाचा नागरिक किंवा कायमचा रहिवासी असावा लागतो. इंग्लंडमध्ये पात्र विद्यार्थ्यांना एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेच्या निधीतून वर्षाला ५,००० पौंड मिळतात आणि ते परत करावे लागत नाहीत. वेल्समध्ये पूर्ण बर्सरी, म्हणजे शिक्षणासाठीचं अनुदान, घेणाऱ्यानं शिक्षणानंतर तिथेच काम करण्याची हमी द्यायची असते. भारतात सैन्यदलाच्या नर्सिंग कॉलेजांत निवड झालेल्या मुलींना राहणं-जेवण, गणवेशाचा भत्ता आणि विद्यावेतन मिळतं, आणि पुढे लष्करी परिचर्या सेवेचा बाँड, म्हणजे ठरावीक काळ तिथे काम करण्याचा करार, असतो.

त्यानंतर रुग्णालयं. मोठी रुग्णालयं आपल्याच कर्मचाऱ्यांना शिकवायला तयार असतात. वॉर्डात मदतनीस म्हणून काम करणाऱ्यांनी तर एचआरला जाऊन हा प्रश्न जरूर विचारावा, कारण अशा योजनांचा बोर्डावर कागद लागेलच असं नाही.

मग स्वतःचं कॉलेज, व्यावसायिक संघटना आणि स्मृतिनिधी. हे स्मृतिनिधी मला फार जवळचे वाटतात. एखाद्या कुटुंबानं आपल्या माणसाच्या शेवटच्या आजारपणात नर्सेसनी केलेली शुश्रूषा पाहिलेली असते आणि त्या ऋणातून तो निधी उभा राहिलेला असतो. रक्कम बेताची असते, पण अर्जही कमी येतात. काही निधी कर्करोग, मानसिक आरोग्य, प्रसूतिसेवा किंवा वृद्धांची शुश्रूषा अशा एकाच कामासाठी असतात. काही ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी, तर काही नर्सिंग शिकणाऱ्या मुलग्यांसाठी असतात. तुम्ही कुठल्या चौकटीत नेमके बसता ते ओळखा आणि तिथे जोर लावा.

फिजिओथेरपी, रेडिओग्राफी, डायलिसिस, लॅब टेक्निशियन असे कोर्स करणाऱ्यांना एक सांगणं. तुमच्या कोर्सच्या नावानं शोधलंत तर फारसं हाती लागणार नाही. "अलाइड हेल्थ" किंवा "संलग्न आरोग्यसेवा" या शब्दांनी शोधा, पुष्कळ योजना त्या एका छत्राखाली असतात.

आणि अर्ज मंजूर करण्यासाठी कोणी "प्रोसेसिंग फी" मागितली, निवडीची खात्री दिली किंवा ओटीपी विचारला, तर तिथून उठा.

४. कागद

प्रवेशपत्र, गुणपत्रिका, उत्पन्नाचा पुरावा, ओळखपत्र, स्वतःच्या नावाचं बँक खातं. सगळ्या कागदांवर नावाचं स्पेलिंग एकसारखं आहे का, ते आजच बघा. दुरुस्तीला आठवडे जातात आणि अंतिम तारीख कोणासाठी थांबत नाही.

५. निवेदन: इथे वेळ द्या

अर्जाबरोबरच्या निवेदनात बहुतेक जण कमी पडतात. मी असे कितीतरी अर्ज वाचले आहेत, आणि त्यातल्या अर्ध्याअधिकांची सुरुवात एकच असते: "मला लहानपणापासून रुग्णसेवेची आवड आहे. परिचर्या हा उदात्त व्यवसाय आहे." हे खोटं नसतं, पण यातून तुम्ही कोण हे कळत नाही.

एका विद्यार्थिनीनं नेमकं हेच लिहून आणलं होतं. मी विचारलं, "तू स्वतः कोणाचं केलंयस का कधी?" ती म्हणाली, "आजीचं." आजी पाच महिने अंथरुणाला खिळून होती. दर दोन तासांनी तिची कूस बदलायची. ही कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर वेळ लिहायची आणि पुढे "डावी" किंवा "उजवी". एका रात्री दोनला हिला जाग आली नाही. सकाळी आजीच्या माकडहाडावर लालसर चट्टा दिसला. बोटानं दाबून पाहिला, तरी लाली हटली नाही. ती कॅलेंडरचं पान घेऊन दवाखान्यात गेली आणि तिथल्या सिस्टरनं तिला सांगितलं, की दाबून न जाणारी लाली ही दाबव्रणाची, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्यानं होणाऱ्या जखमेची, पहिली खूण असते.

मी तिला म्हटलं, हेच लिही. तिच्या नव्या निवेदनाची पहिली ओळ अशी होती: "कॅलेंडरच्या मागे रात्री दोनच्या रांगेत काहीच लिहिलेलं नाही, कारण त्या रात्री मला झोप लागली होती." वृद्धांच्या शुश्रूषेसाठीच्या एका निधीला तिनं ते पाठवलं. वाचणाऱ्याला त्यात नोंद ठेवणारी, चूक न लपवणारी आणि कारण विचारायला जाणारी मुलगी दिसली. शिष्यवृत्ती तिला मिळाली.

तुमच्याकडे आजी नसेल, पण एखादा प्रसंग असेलच. तो एकच घ्या. त्यात तुम्ही हातानं काय केलंत, काय चुकलं, त्यातून काय शिकलात ते लिहा. मग दोन-तीन वाक्यांत तो प्रसंग देणाऱ्याच्या हेतूशी जोडा. तोच मजकूर दहा ठिकाणी पाठवू नका, शेवटचा परिच्छेद तरी प्रत्येक वेळी नवा लिहा. ज्यांची शुश्रूषा केलीत त्यांचं नाव, खाट क्रमांक, ओळख पटेल असं काहीही लिहू नका. रुग्णाची गोपनीयता पाळणं हा या कामाचा पहिला धडा आहे आणि वाचणारे ते तपासतात.

घरच्या अडचणी सांगायला संकोचू नका, पण आकड्यात सांगा. "परिस्थिती बिकट आहे" यापेक्षा "घरात कमावणारी एकटी आई आहे आणि आम्ही तिघं शिकतो" हे वाचणाऱ्याला लगेच पोचतं.

६. शिफारसपत्र

निदान तीन आठवडे आधी मागा, आणि मोठ्या पदाच्या माणसापेक्षा तुमचं काम पाहिलेल्या माणसाकडे मागा. वॉर्डच्या सिस्टरनं लिहिलेली चार खरी वाक्यं प्राचार्यांच्या छापील पत्रापेक्षा जड भरतात. मागताना त्यांना एक पान द्या: शिष्यवृत्ती कशासाठी आहे, अंतिम तारीख कोणती, आणि तुम्ही त्यांच्यासमोर केलेली दोन-तीन कामं.

७. बाँड वाचल्याशिवाय सही नाही

निवड झाली की आनंदाच्या भरात लोक सही करून मोकळे होतात. माझ्या एका विद्यार्थिनीचं शिक्षण एका खासगी रुग्णालयानं केलं, बदल्यात दोन वर्षांची नोकरी. चौदा महिने तिनं इमानेइतबारे काम केलं. मग घरच्या आजारपणामुळे तिला गाव बदलावं लागलं, आणि रुग्णालयानं शिक्षणाची सगळीच रक्कम मागितली. तिला वाटलं होतं, राहिलेल्या दहा महिन्यांपुरतेच पैसे द्यावे लागतील. करारात मात्र "सेवा अपूर्ण राहिल्यास संपूर्ण रक्कम" असं स्पष्ट लिहिलेलं होतं. ती ओळ तिनं वाचली नव्हती, आणि मीही तिला वाचायला लावली नव्हती. तेव्हापासून मी प्रत्येकीला समोर बसवून बाँड वाचून घेते.

पेन्सिल घेऊन या जागा शोधा. सेवेची वर्षं किती, आणि ती कोर्स संपल्यापासून मोजायची की नोंदणी मिळाल्यापासून? कामाचं ठिकाण कोण ठरवणार? पगार नेहमीचा असेल ना? नोंदणीच्या परीक्षेत पहिल्या वेळी अपयश आलं तर काय? बाळंतपण किंवा दीर्घ आजार आला तर मुदत पुढे जाते की करार मोडला असं धरतात? आणि मोडलाच, तर परतफेड उरलेल्या काळापुरती की पूर्ण, आणि त्यावर व्याज किती? नर्स कोअरसारख्या सरकारी योजनेतही करार मोडणाऱ्याला व्याजासकट परतफेड करावी लागते. मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेण्याची अट दिसली तर सही करण्याआधी वकिलाला दाखवा. जे तोंडी सांगतील ते लेखी मागा.

बाँड वाईट असतो असं मी मुळीच म्हणत नाही. शिक्षण झाल्या झाल्या खात्रीची नोकरी आणि अनुभव मिळतो, अनेकींना ते हवंच असतं. तुमची पुढची दोन-तीन वर्षं त्या जागी जाणार आहेत, तेव्हा जमलं तर आधी जाऊन तो वॉर्ड बघून या. एका पाळीला एका नर्सकडे किती रुग्ण असतात, हे तिथल्या नर्सेसनाच विचारा.

८. मिळाल्यावर आणि न मिळाल्यावर

मिळाली असेल तर दरवर्षी ती चालू राहण्यासाठी किती गुण आणि किती हजेरी लागते, ते वहीत लिहून ठेवा. दुसरी शिष्यवृत्ती घेतली तर पहिली कमी होते का, हेही कॉलेजला विचारा.

नाही मिळाली, तर नम्रपणे कारण विचारा. काही ठिकाणी उत्तर देतात. अनेक शिष्यवृत्त्या दुसऱ्या वर्षापासून पुढच्याच विद्यार्थ्यांसाठी असतात, आणि तोवर तुमच्याकडे पोस्टिंगचे खरे प्रसंग जमलेले असतात. पहिल्या वर्षीच एक छोटी वही करा आणि ड्यूटी संपल्यावर, कुणाचं नाव न लिहिता, त्या दिवशी काय शिकलात ते चार ओळींत टिपून ठेवा. पुढचं निवेदन लिहायला बसाल तेव्हा ती वहीच उघडायची.