हृदयविकार असलेल्या मांजरीला टॉरिन देताना

टॉरिन या मांजरींना अन्नातून मिळावे लागणाऱ्या पोषक घटकाच्या कमतरतेने हृदय कमकुवत झालेल्या मांजरीला पशुवैद्य टॉरिन सुचवतात, पण ती कॅप्सूल थुंकून टाकते आणि भुकटी भरल्या वाटीत मिसळली तर निम्मे अन्न उष्टे राहून पोटात नेमके किती गेले ते कळत नाही. म्हणून मांजर भुकेने पायांत घुटमळू लागली की कॅप्सूल उघडून आतली पांढरी भुकटी चमचाभर कोमट, बिनमिठाच्या चिकनच्या पाण्यात कालवावी, बशीत तेवढेच ठेवावे आणि बशी चाटूनपुसून लख्ख झाल्यावरच जेवण वाढावे. घरचा रस्सा मात्र चालणार नाही, कारण कांदा आणि लसूण मांजरांना विषारी असतात. मात्रा पशुवैद्यांनीच ठरवावी, आणि टॉरिन सुरू झाले म्हणून हृदयाची चालू गोळी परस्पर बंद करू नये.