गणपतीला गावी जायचंय? तिकिटापासून आवराआवरीपर्यंत सगळं

गावावरून काकीचा फोन येतो, "कधी येतलस? शाळेत गणपती रंगवूक घेतले," (शाळा म्हणजे गणपतीच्या मूर्ती घडवतात ती जागा) आणि मग आपल्यातले निम्मे लोक तिकीट बघायला बसतात. तोपर्यंत सगळं संपलेलं असतं. मी कणकवलीकडचा, राहतो डोंबिवलीला, दरवर्षी जातो, म्हणून जे कळलंय ते लिहितोय.

आधी तिकीट नाही, आधी तारीख ठरवा. चतुर्थीच्या आदल्या रात्री पोचायचं, सकाळी आंघोळ करून थेट आरतीला उभं राहायचं आणि दीड दिवसाने परत, हे मला अजिबात पटत नाही. गावच्या घरात आता बहुतेक ठिकाणी दोन म्हातारी माणसं असतात आणि रान काढणं, घर झाडून पुसून घेणं, पाट शाळेत नेऊन देणं, माटवीचं (गणपतीच्या डोक्यावर टांगतात ती लाकडी चौकट, तिला रानातली फुलं-फळं बांधतात) सामान गोळा करणं, वीस माणसांच्या जेवणाची भांडी माळ्यावरून काढणं, हे सगळं तीच करत असतात. त्यामुळे निदान दोन दिवस आधी पोचा आणि विसर्जनानंतर एक दिवस थांबा, सुट्टी कमी असेल तर मधले दिवस कापा पण हे कापू नका.

2026 ची चतुर्थी सोमवारी 14 सप्टेंबरला आहे, म्हणजे शुक्रवारी रात्री निघून शनिवारी घरात. रेल्वेचं बुकिंग आता 60 दिवस आधी उघडतं (आधी 120 होते, नोव्हेंबर 2024 पासून बदललं), सकाळी 8 ला. इथे एक गोष्ट नीट बघा. कोकणकन्या एक्सप्रेस सीएसएमटीवरून रात्री अकराच्या सुमारास सुटते म्हणून तिचं तिकीट 11 तारखेचं, ते 13 जुलैला उघडणार, पण तुतारी एक्सप्रेस दादरहून मध्यरात्री 12:05 ला सुटते, म्हणजे तारीख बदललेली असते, तिचं तिकीट 12 चं आणि ते उघडणार 14 जुलैला. कोकणकन्या पनवेलला पकडणार असाल तर मध्यरात्र उलटलेली असते, म्हणून तिकिटावर तारीख 12 ची, पण बुकिंग गाडी सीएसएमटीवरून सुटते त्या तारखेप्रमाणे 13 जुलैलाच उघडतं. आमच्या नात्यातलं एक कुटुंब यातच फसलं, सामानसुमान घेऊन मुलांसकट स्टेशनवर गेले आणि गाडी आदल्या रात्रीच गेलेली.

आयआरसीटीसीचं खातं आधारशी व्हेरिफाय केलेलं नसेल तर ते आजच करा, नाहीतर बुकिंग उघडल्या उघडल्या तिकीट निघतच नाही. प्रवाशांची नावं आधीच मास्टर लिस्टमध्ये भरून ठेवा. नाही मिळालं तर गणपती स्पेशल गाड्या जाहीर होतात त्यावर लक्ष ठेवा, आणि परतीचं तिकीट तितकंच आधी काढा, कारण गौरी-गणपतीच्या विसर्जनानंतर सगळे एकदमच निघतात. पावसाळी वेळापत्रकात गाड्या हळू धावतात हेही धरून चला.

एसटी मला वयस्कर माणसांसाठी बरी वाटते, वाडीतली माणसं जमली तर गट आरक्षण करून अख्खी गाडी आपल्या भागातून थेट गावापर्यंत नेता येते, बायकांना अर्धं तिकीट आणि 75 च्या पुढच्यांना फुकट. स्वतःची गाडी असेल तर टोलमाफीचा पास आरटीओ किंवा पोलिसांकडून घ्या, गेली काही वर्षं गणपतीला देतात. हायवेला फारच ट्रॅफिक असेल तर बरेच जण पुणे-कोल्हापूरवरून गगनबावडा किंवा फोंडा घाटाने उतरतात, पण निघायच्या आधी दरड पडलीय का ते गावात फोन करून विचारा. रात्री घाट उतरू नका.

सामानाचं सांगायचं तर कपडे कमी न्या. पावसात वाळत नाहीत हे खरं पण तिथे लागतात तरी किती. त्यापेक्षा आईवडिलांची, काकाकाकींची बीपी-शुगरची औषधं महिनाभराची न्या (फोन करून गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो मागवा), चार्जिंगची बॅटरी, टॉर्च, कापूर, वाती, लायटिंगच्या माळा. रोख पैसे इथूनच न्या, सणाला तिकडच्या एटीएमचा भरवसा धरू नका. स्टेशनवरून घरी न्यायला गावातल्या रिक्षावाल्याला आठवडाभर आधी सांगून ठेवा.

आणि पैशाचं. गणपतीचा खर्च भावकीत वाटून असतो किंवा पाळीने असतो, पण सामान आणणारा माणूस गावातलाच असतो आणि तो आधी स्वतःच्या खिशातून घालतो. त्याला निघताना पाकीट देण्यापेक्षा श्रावणातच पैसे पाठवा. त्याला मागायची वेळ येऊ देऊ नका, तो मागणार पण नाही.

पोचल्यावर पहिल्या दिवशी मुलांना घेऊन माटवीच्या सामानाला जा. कवंडळ, कांगणी, हरणं, तेरडा, सुपारीचं शिपटं, हे कुठल्या मळ्यात, कुठल्या कुंपणाला मिळतं ते काकांना माहीत असतं आणि ते शिकायचं असेल तर त्यांच्याबरोबर चालत जावंच लागतं. गमबूट घाला, काठी घ्या, गवतात पाय टाकायच्या आधी आपटा. घर वर्षभर बंद असेल तर आधी मेन स्विच, वायरिंग आणि कौलं बघून घ्या, उंदरांनी वायर कुरतडलेली असते.

बायकांचं खास सांगतो. चतुर्थीला मोदक, गौरीला वेगळा स्वयंपाक, रात्री भजनी मंडळ आलं की काळ्या वाटाण्याची उसळ आणि चहा, आणि हे सगळं ज्या दोन-तीन जणी करतात त्यांना फुगडीला उभं राहायला वेळच मिळत नाही. पुरुषांनी नारळ खवणं, भांडी घासणं, उसळ वाढणं एवढं घेतलं तरी फरक पडतो, आम्ही चुलतभावांनी वाटून घेतलंय आणि आता काकी गौरीच्या रात्री फुगडी घालते.

जमीन, वाटणी, सातबारा हे विषय पाच दिवसांत काढू नका. बोलायचंच असेल तर चतुर्थीनंतरच्या एखाद्या कामाच्या दिवशी जाऊन घरपट्टी भरा, कागद काढा, आणि बाकीचं मे महिन्यात बसून बोला.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी माटवी उतरवा, भांडी परत माळ्यावर चढवा, चादरी धुऊन टाका, मग बॅगा भरा. मुंबईला उतरलात की घरी जायच्या आधी स्टेशनवरूनच गावी फोन करा, तिकडे कोणीतरी जागं असतं.