अग्निवीर पोरांनो, हातातल्या पगाराचं काय करायचं

ट्रेनिंग सेंटरवरून पोरांचा पहिला फोन येतो तो बहुतेक एकाच गोष्टीसाठी. मेजर, ३० हजार म्हणत होते आणि खात्यात तर २१ च पडले, बाकीचे कुठं गेले? तर आधी तेच सांगतो, ते कळल्याशिवाय पुढचं काही डोक्यात बसणार नाही.

अग्निवीर म्हणजे चार वर्षांसाठी फौजेत घेतलेला जवान. त्याचं पॅकेज पहिल्या वर्षी महिन्याला ३०,०००, दुसऱ्या वर्षी ३३,०००, तिसऱ्या वर्षी ३६,५०० आणि चौथ्या वर्षी ४०,०००. यातले ३० टक्के दर महिन्याला कापून सेवा निधीत, म्हणजे चार वर्षांनी एकरकमी मिळणाऱ्या फंडात, जातात, म्हणजे पहिल्या वर्षी ९,००० कापले आणि २१,००० हातात, शेवटच्या वर्षी १२,००० कापले आणि २८,००० हातात. तू जेवढे टाकतोस तेवढेच सरकार टाकतं. तुझे चार वर्षांचे ५.०२ लाख, सरकारचे ५.०२ लाख आणि वर पीपीएफच्या (सरकारी बचत खात्याच्या) दरानं व्याज, असे मिळून शेवटी साधारण ११.७१ लाख येतात आणि त्यावर इन्कम टॅक्स नाही. पण पेन्शन नाही आणि ग्रॅच्युइटीपण नाही. आमच्या वेळी शिपायानं १५ वर्षं काढली की पेन्शन पक्की, त्यामुळं पैशाच्या बाबतीत आमच्यातले निम्मे लोक बिनडोक वागले तरी म्हातारपण निघून जातंय. तुला ती सोय नाही.

आता कागद घे आणि हातात पडणाऱ्या पगाराची चार वर्षांची बेरीज कर. पहिलं वर्ष २.५२ लाख, दुसरं २.७७, तिसरं ३.०७, चौथं ३.३६. बेरीज ११.७ लाखाच्या आसपास येते. म्हणजे सेवा निधीत जेवढे मिळणार जवळपास तेवढेच पैसे चार वर्षांत तुझ्या हातातून जाणार आहेत. गावात सगळे त्या शेवटच्या ११ लाखांवर बोलतात, लग्न जमवणारेपण तेच विचारतात, आणि या हातातल्या ११ लाखांबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. मी त्याच्यावरच बोलणार आहे.

त्याआधी सेवा निधीतल्या दोन मेखा ऐकून ठेव. मधेच स्वतःहून नोकरी सोडलीस तर तुझे कापलेले पैसे व्याजासकट मिळतात, सरकारचा वाटा मिळत नाही. आणि चार वर्षांनी २५ टक्क्यांपर्यंत पोरांना कायम घेतात, त्यांनापण फक्त स्वतःचा वाटा आणि त्यावरचं व्याजच मिळतं. म्हणजे ११.७१ धरून घरचं बांधकाम ठरवलं आणि पोरगं पर्मनंट झालं (आनंदाचीच गोष्ट आहे) तर हातात निम्मेच येणार. घरच्यांना हे आत्ताच सांगून टाक.

आता हातातल्या पैशाकडं. फौजेत राहणं, लंगरचं जेवण, कपडे सगळं सरकारचं, बॅरकमधल्या पोराला रोजचा खर्च असतोच किती? साबण, रिचार्ज, रविवारी बाहेर गेला तर थोडं इकडं तिकडं. पैसा जातो तो सुट्टीत. अग्निवीराला वर्षाला ३० दिवस सुट्टी, आणि त्या ३० दिवसांत पोरगं असं वागतं की सगळ्या गावाला वाटावं हा लाखात कमावतोय. तत्काळचं तिकीट, जत्रेची वर्गणी, मित्रांना धाब्यावर पार्टी, बहिणीला मोबाईल, आणि वर हप्त्यावर बुलेट. बुलेटचं तर मला हसूच येतं, वर्षातले ११ महिने ती गोठ्याशेजारी प्लास्टिक पांघरून उभी आणि हप्ता मात्र १२ महिने चालू, धाकटा भाऊ फिरवतो ते वेगळंच.

सुट्टीत खर्च करू नको असं मी म्हणणार नाही, कोण ऐकणार आहे. त्यापेक्षा सुट्टीचा वेगळा डबा कर. दर महिन्याला २,००० दुसऱ्या एका सेव्हिंग खात्यात टाकायचे, वर्षाचे २४,००० होतात, ते सुट्टीत बिनधास्त उडव, कोणाला हिशोब देऊ नको. ते संपले की विषय संपला, बाकीच्या पैशाला हात नाही.

पहिल्या वर्षीच्या २१,००० ची वाटणी मी पोरांना अशी सांगतो. घरी ६,०००, सुट्टीचे २,०००, स्वतःच्या खर्चाला ४,०००, आरडी (दर महिन्याला ठरलेली रक्कम टाकायची ठेव) ७,०००, एसआयपी (म्युच्युअल फंडात दर महिन्याला ठरलेली रक्कम) २,०००. घरची परिस्थिती वेगळी असेल तर आकडे हलव पण आरडीला हात सगळ्यात शेवटी लाव. दर वर्षी हातात दोन-अडीच हजार वाढतात, त्यातले निम्मे तरी नवीन आरडीला लाव. नुसत्या ७,००० चे चार वर्षांत ३.३६ लाख मुद्दल होतं, व्याज वेगळं.

आरडी बँकेतच कर, आणि मुदत तुझ्या उरलेल्या नोकरीएवढी ठेव. पोस्टाची आरडी चांगली आहे पण ती ५ वर्षांची असते आणि तीन वर्षांनंतर मधेच मोडली तर सेव्हिंग खात्याचंच व्याज देतात, तुझी नोकरी चार वर्षांची, त्यामुळं तिथं हिशोब बसत नाही. आणि मोठा पैसा आरडीत का, शेअर बाजारात का नाही, तर कारण सोपं आहे, चार वर्षांनी तुला हा पैसा लागणारच आहे, शिक्षणाला म्हण, दुसरी नोकरी लागेपर्यंत घर चालवायला म्हण. नेमका त्याच वेळी बाजार पडलेला असला तर तोट्यात विकावं लागेल. म्हणून एसआयपीला फक्त तेवढंच जे सात-आठ वर्षं तरी काढायचं नाही, आणि तेपण निफ्टी ५० च्या साध्या इंडेक्स फंडात, डायरेक्ट प्लॅन, म्हणजे मधे एजंट नाही. रेग्युलर प्लॅनमध्ये एजंटचं कमिशन दर वर्षी तुझ्या पैशातून जातं. पीपीएफ पाहिजे तर वर्षाला ५०० टाकून खातं उघडून ठेव, १५ वर्षांचं घड्याळ आत्ता सुरू होईल, पुढं कमाई वाढली की दीड लाखापर्यंत टाकता येतं. पैसे भरायचे तर महिन्याच्या ५ तारखेच्या आत, नाहीतर त्या महिन्याचं व्याज बुडतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, हे सगळं आपोआप कापलं गेलं पाहिजे. तू पोस्टवर असणार, नेटवर्क नसणार, दोन-दोन आठवडे फोन हातात नसणार, मग महिन्याला आठवणीनं ट्रान्सफर करीन ही गोष्ट विसरून जा. पगार महिनाअखेरीला पडतो, तर ३ ते ५ तारखेच्या मधे आरडी, एसआयपी, आईच्या खात्यावरचे ६,००० सगळं स्टँडिंग इन्स्ट्रक्शनवर (बँकेला एकदाच द्यायची कायमची सूचना) लावून टाक. घरी एटीएम कार्ड देऊन ठेवायची पद्धत आहे आपल्याकडं, ती बंद कर, ठरलेली रक्कम आईच्या खात्यावर गेली की भांडण पण होत नाही. आणि बॅरकमध्ये कोणी शहरात चाललाय म्हणून त्याला कार्ड आणि पिन द्यायचा नाही, कितीही जिगरी असला तरी.

अजून एक, बँकेला दिलेला नंबर. जम्मू-काश्मीरमध्ये बाहेरच्या राज्याचं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड चालतं. पोस्टिंग तिकडं लागली आणि नंबर प्रीपेड असला की ओटीपी येत नाही, मग स्वतःचेच पैसे स्वतःला हलवता येत नाहीत. निघायच्या आधी, सुट्टीत असतानाच नंबर पोस्टपेड करून घे. पगाराचं खातं पण डिफेन्स सॅलरी पॅकेजमध्ये आहे का ते ब्रँचमध्ये विचार, २०२२ मध्ये आर्मीनं अग्निवीरांसाठी ११ बँकांशी करार केलाय, अपघात विम्यासारख्या सोयी फुकट असतात पण खातं साधं राहिलं तर लागू होत नाहीत.

पॉलिसीवाल्यांचं सांगतो. नवीन पगारदार फौजी दिसला की नातेवाईकांमधला कोणीतरी एजंट निघतोच. मनीबॅक घे, एंडोमेंट घे, टॅक्स वाचेल. अरे पण तुला टॅक्स आहेच कुठं? २०२५-२६ पासून टॅक्सच्या नवीन रिजिमला १२ लाखांपर्यंत उत्पन्नाला टॅक्स लागत नाही, तुझा पगार त्याच्या अर्ध्यालाही पोचत नाही. आणि विमा म्हणशील तर नोकरीत असेपर्यंत ४८ लाखांचं लाइफ कव्हर सरकार देतंय, तुझा एक रुपया न कापता. तरी मामाच्या भिडेखातर सही केलीच असेल तर पॉलिसीचा कागद हातात आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते, त्याला फ्री लुक म्हणतात, मामाला न सांगता कंपनीला लेखी कळवायचं. खरा टर्म इन्शुरन्स (बचत नाही, फक्त विमा) घ्यायचा तो नोकरी संपायच्या सहा महिने आधी, कारण बाहेर पडल्या दिवशी ते ४८ लाखांचं कव्हर गेलं. आरोग्य विम्याचंपण तसंच, अग्निवीराला बाहेर पडल्यावर ईसीएचएस (माजी सैनिकांची दवाखान्याची सोय) मिळत नाही, फौजी कॅन्टीनपण नाही.

ऑप्शन ट्रेडिंगबद्दल मी जास्त बोलत नाही. सेबीनं २०२४ मध्ये आकडे काढले, तीन वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन) करणाऱ्या सामान्य लोकांतले ९३ टक्के तोट्यात. तुला वाटतं तू उरलेल्या ७ मध्ये आहेस, तोट्यातल्या ९३ लापण तेच वाटत होतं. व्हॉट्सॲप ग्रुपवर टिप देणारा आणि महिन्याला पाच टक्के देतो म्हणणारा, दोघांनाही ब्लॉक कर. पैसे गेलेच तर लाजत बसू नको, लगेच १९३० ला फोन कर, जेवढ्या लवकर करशील तेवढी पैसे थांबायची शक्यता.

घरच्यांचा विषय अवघड आहे. बाप कर्ज फेडायला मागतो, दादा घर बांधायला मागतो, नाही म्हणवत नाही आणि म्हणूही नये, पण किती ते आधी ठरवावं. कर्ज फेडायचं तर सावकाराचं आधी, सोसायटीचं नंतर, व्याज बघून. प्लॉट घ्यायचा झाला तर एनए (बिगरशेती) आहे का, सातबाऱ्यावर तुझं नाव लागणार का, हे बघितल्याशिवाय टोकन द्यायचं नाही. स्टॅम्प पेपरवर नोटरी करून गुंठा-दोन गुंठे विकणारे आपल्या भागात चिक्कार आहेत आणि त्यांना सुट्टीवर आलेला फौजी फार आवडतो, कारण त्याला परत जायची घाई असते.

जे रेग्युलर फौजेत, म्हणजे पर्मनंट, आहेत किंवा पुढं होतील त्यांच्यासाठी दोन ओळी. तुमचा एएफपीपी फंड (फौजींचा प्रॉव्हिडंट फंड) आहे, ७.१ टक्के व्याज चालू आहे, वर्गणी वाढवायची तर युनिटच्या क्लार्ककडं अर्ज द्या, पगारातूनच कापलं जातं म्हणून याच्याएवढं सोपं दुसरं काही नाही. पेन्शन पक्की असल्यामुळं तुम्ही एसआयपी अग्निवीरापेक्षा जास्त ठेवू शकता, तुमच्या हातात वर्षं आहेत.

शेवटी तो सेवा निधीचा चेक. पैसे आले की पहिले सहा महिने काहीच करू नको, एफडीत टाक. एका बँकेत ५ लाखांपर्यंतच ठेवीला विमा असतो म्हणून दोन-तीन बँकांत वाट. गावची पतसंस्था दीड-दोन टक्के जास्त देईल, चेअरमन घरी येऊन चहा पिऊन जाईल, पण पतसंस्थेतल्या ठेवीला तो ५ लाखांचा विमा लागू नाही, त्यामुळं तिथं नको. त्यातले वर्षभराचे घरखर्चाचे पैसे बाजूला काढ, मग शिक्षण किंवा कोर्सची फी, आणि उरलं त्यातलंच लांबच्या मुदतीला. आणि हो, सेवा निधीपासून एसआयपीपर्यंत सगळीकडं नॉमिनी कोण लागलाय ते आत्ताच बघ. लग्न झालं की पार्ट टू ऑर्डर (लग्नाची फौजेच्या रेकॉर्डमधली नोंद) काढून घे आणि बँकेत, फंडात वेगवेगळं जाऊन नाव बदल, ऑफिसात बदललं म्हणून बँकेत आपोआप बदलत नाही.