स्तोत्र 119: रोज आठच वचने

रोजचं बायबल वाचन मध्येच सुटत असेल, तर स्तोत्र 119 घ्या. वचने 176, पण त्याचे भाग 22, इब्री (हिब्रू) मुळाक्षरांप्रमाणे, आणि प्रत्येक भागात आठच वचने. रोज एक भाग घेतला, की 22 दिवसांत स्तोत्र पुरं.

आमच्या सोलापुरात उन्हाळ्यात सकाळी आठलाच ऊन तापतं, म्हणून मी साडेपाचला बसते. ज्या दिवशी नळाला पाणी येतं, त्या दिवशी घागरी-पिंपं आधी. वाचन मग भाकऱ्या झाल्यावर. वेळ हलली तरी चालेल, पण आठ वचनं मोठ्यानं वाचायचीच. डोळे ओळीवरून घसरतात, जीभ अडखळते आणि तिथंच थांबायला होतं. जो शब्द अडला, तो वहीत लिहा.

बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकात (7:6) दिवस धोट्यापेक्षा वेगानं सरतात असं म्हटलंय. माझे वडील मागावर चादरी विणायचे. धोटा इकडून तिकडे सटकन जायचा, नजर ठरायची नाही. ते वचन मी एकदाच वाचलं आणि पुढं जाताच आलं नाही. त्या दिवशी तेवढंच वाचन झालं, आणि प्रार्थनाही तीच.

एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी सोळा वचनं वाचू नका. आठच वाचा.